चार आठवड्यांचा खोकला: उपचारांमागचा इतिहास

दोन वर्षांचं मूल महिनाभर खोकतंय म्हटल्यावर बालरोगतज्ज्ञ आधी दोन गोष्टी विचारतात. नक्की किती दिवस झाले? आणि खोकला कोरडा की ओला? औषधाचं नाव त्यानंतर निघतं, कधी कधी निघतही नाही. पालक हिरमुसतात. खोकला आहे तर खोकल्याचं औषध द्या, एवढा साधा त्यांचा हिशेब. वैद्यकाचा हिशेबही बराच काळ तोच होता. सगळी भिस्त बाटलीवर.

त्या बाटलीत एकोणिसाव्या शतकात असायची ती प्रामुख्याने अफू. फ्रान्समध्ये पियेर रोबिके यांनी १८३२ साली अफूतून कोडीन वेगळं काढलं. १८९८ मध्ये बायर कंपनीने ‘हेरॉइन’ नावाचं नवं औषध बाजारात आणलं, तेही खोकला शमवणारं म्हणून. (हो, तेच हेरॉइन.) क्षय आणि न्यूमोनियाने माणसं पटापट जात होती, रात्रभर ढास लागलेल्या रुग्णाला दोन घटका झोप मिळाली तरी डॉक्टर कृतार्थ होत. पण अफूच्या जातीचं औषध खोकल्याची उबळ दाबतं तसा श्वासही मंदावतं, आणि लहान मुलात ही मर्यादा फार लवकर ओलांडली जाते. शिवाय कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं, आणि काही मुलांत ते भलत्याच वेगाने होतं. तरी बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नये, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, स्पष्ट सांगायला २०१७ साल उजाडलं.

मधल्या काळात, १९५८ मध्ये, डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकला दाबणारं नवं औषध आलं. नेहमीच्या मात्रेत गुंगी नाही, व्यसनाची भीती कमी, गोड सिरपात सहज मिसळणारं. मुलांची मात्रा कशी ठरली? मोठ्यांची मात्रा घेतली आणि भागाकार केला: सहा ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धी, दोन ते सहाला पाव. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, हे त्यामागचं गृहीतक. ते तपासून पाहिलं गेलं फार उशिरा. २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बालरोगतज्ज्ञांनी शंभर मुलांवर चाचणी घेतली. कुणाला डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कुणाला डायफेनहायड्रामिन (ॲलर्जीवरचं, गुंगी आणणारं औषध), कुणाला नुसतं गोड पाणी. दुसऱ्या रात्री तिन्ही गटांतली मुलं बरी झोपली, औषधवाली काही जास्त बरी नाहीत. त्याच गटाने २००७ मध्ये मधाची परीक्षा घेतली. झोपण्याआधी मध दिलेल्या मुलांचा खोकला काहीच न दिलेल्यांपेक्षा कमी झाला. डेक्स्ट्रोमेथॉर्फनला तेवढंही जमलं नाही.

मधालाही एक अट आहे. १९७६ मध्ये तान्ह्या बाळांमधला बोट्युलिझम हा जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पाडणारा आजार ओळखला गेला आणि पुढच्या काही वर्षांत त्याचा एक धागा मधातल्या जंतूंच्या बीजाणूंपर्यंत पोचला. म्हणून वर्षाच्या आत मध नाही, चाटणसुद्धा नाही.

२००७ मध्येच बाल्टिमोरच्या आरोग्य आयुक्तांनी आणि काही बालरोगतज्ज्ञांनी एफडीएकडे रीतसर अर्ज केला, की या औषधांचा मुलांत उपयोग दिसत नाही आणि अपाय दिसतो. जानेवारी २००८ मध्ये एफडीएने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची दुकानातली औषधं देऊ नका असं सांगितलं. त्याच वर्षी कंपन्यांनी वेष्टनावरची मर्यादा स्वतःहून चार वर्षांवर नेली. ब्रिटनने २००९ मध्ये ती सहावर नेली.

बाटलीचा दुसरा धोका औषधात नसून ते ज्यात विरघळवतात त्या द्रवात आहे. सिरप गोडसर, दाट हवं, म्हणून ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसंच, चवीला गोड आणि स्वस्त, पण मूत्रपिंडं बंद पाडणारं. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फा या जंतुनाशकाचं एक द्रवरूप औषध यात बनवलं गेलं आणि शंभरावर माणसं गेली, त्यांत बरीच मुलं होती. त्या धक्क्यातून १९३८ चा औषध कायदा आला: आधी सुरक्षितता दाखवा, मग विका. पण ते रसायन काही बाटल्यांतून हद्दपार झालं नाही. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० मुलांचे मृत्यू दूषित सिरपांशी जोडले गेले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात तेच झालं आणि त्यानंतर केंद्र सरकारने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची औषधं देऊ नयेत, पाचपर्यंतही सहसा टाळावीत, असं कळवलं. पंच्याऐंशी वर्षं उलटून गेल्यावरही तोच विषारी द्रव आणि तीच गोड चव. हे वाचताना संताप आवरत नाही.

खरं काम झालं ते वेगळ्या वाटेने. ते करणाऱ्यांनी खोकला बंद पाडण्याची घाई केली नाही, आधी तो नीट पाहिला.

डांग्या खोकल्याचं उदाहरण घ्या. १५७८ मध्ये पॅरिसमधल्या साथीचं वर्णन गियोम द बायू यांनी करून ठेवलं होतं; जंतू सापडला ब्रुसेल्समध्ये, १९०६ साली, जूल्स बॉर्दे आणि ऑक्ताव्ह झाँगू यांना. पुढची गोष्ट मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सची. पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी सरकारी प्रयोगशाळेत काम करायच्या. १९३२ पासून, दिवसभराचं काम आटोपलं की त्या आजारी मुलांच्या घरी जात. मंदीचे दिवस, कित्येक घरांत रॉकेलचा दिवा. मुलाला उबळ आली की तोंडासमोर काचेची उथळ बशी धरायची. बशीत बटाटा, ग्लिसरीन आणि रक्त यांचं माध्यम. मूल खोकलं की त्यावर तुषार पडायचे. बशी प्रयोगशाळेत उबेला ठेवली की काही दिवसांनी पाऱ्याच्या बारीक थेंबांसारखे चकाकते ठिपके उगवायचे. हाच तो जंतू. ढास महिनोन्महिने चालते, पण मूल दुसऱ्याला रोग देण्याचा काळ त्याआधीच संपतो, हे अशा बशांमधून उमगत गेलं. याच जंतूंपासून त्यांनी लस केली, १९३४ पासून तिची काटेकोर चाचणी घेतली, आणि पुढे १९४० च्या दशकात ती घटसर्प-धनुर्वाताच्या लशींबरोबर एकाच सुईत आली. आपली त्रिगुणी लस ती हीच. खोकल्यावरचं आजवरचं सर्वांत गुणकारी औषध कोणतं असं मला विचाराल तर मी हिचंच नाव घेईन, आणि ती खोकला सुरू होण्याआधी द्यायची असते.

दुसरी वाट श्वासनलिकेत घालून आत पाहायच्या दुर्बिणीची. १८९७ मध्ये जर्मनीत गुस्ताव्ह किलियान यांनी नळी घालून एका माणसाच्या श्वासमार्गात अडकलेलं हाड काढलं. फिलाडेल्फियाच्या शेव्हॅलिअर जॅक्सन यांनी ही कला मुलांपर्यंत नेली. लोकांनी गिळलेल्या किंवा श्वासात ओढलेल्या दोन हजारांवर वस्तू त्यांनी काढल्या आणि जपून ठेवल्या. सेफ्टी पिना, बटणं, नाणी, दाणे. तो संग्रह तिथल्या म्यूटर संग्रहालयातल्या खणांत आजही पाहता येतो. शेंगदाणा क्ष-किरणात दिसत नाही, म्हणून ‘खाताना एकदम ठसका लागला होता का?’ हा प्रश्न अजूनही विचारतात.

दमा या शिक्क्याची कथा थोडक्यात सांगण्यासारखी. १९८० च्या दशकात ‘फक्त खोकल्याच्या रूपातला दमा’ ही कल्पना रुजली आणि महिनाभर खोकणाऱ्या पुष्कळ मुलांच्या हाती पंप आले. धाप नाही, घरघर नाही, नुसता खोकला आहे, अशा मुलांत खरा दमा क्वचितच निघतो, हे पुढे ध्यानात आलं.

मग ओला खोकला म्हणजे काय? लहान मूल कफ थुंकत नाही, गिळतं. त्यामुळे तो पाहायचा नसतो, ऐकायचा असतो: खोकताना छातीत काही खळखळल्यासारखा आवाज. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या ॲन चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांचं ऐकणं दुर्बिणीतल्या दृश्याशी ताडून पाहिलं आणि ते बऱ्यापैकी जुळलं. २००६ मध्ये त्यांनी जुनाट खोकल्याच्या १०८ मुलांचा कसून तपास केला. सर्वांत जास्त मुलांत सापडलं ते श्वासनलिकांत मुरलेलं जंतुसंक्रमण. २०१२ मध्ये ५० मुलांवर चाचणी झाली. दोन आठवडे अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे अँटिबायोटिक दिलेल्यांपैकी ४८ टक्के मुलांचा खोकला गेला, औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या द्रवावर १६ टक्क्यांचा. अँटिबायोटिकचा उपयोग झाला, पण तो अशा ओल्या, लांबलेल्या खोकल्यावर. साध्या सर्दीच्या खोकल्यावर ते काही करत नाही.

खोकला जुनाट कधी म्हणायचा याची चार आठवड्यांची रेघ त्याच २००६ मध्ये छातीरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेच्या मार्गदर्शिकेत आखली गेली. ब्रिटिशांनी २००८ मध्ये आठ आठवडे धरले आणि तीन ते आठ आठवडे खोकणाऱ्या मुलांना अधांतरी ठेवलं. २०१३ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, तर सर्दीच्या खोकल्यातली निम्मी मुलं दहा दिवसांत आणि ९० टक्के मुलं २५ दिवसांत मोकळी होतात असं निघालं. चार आठवडे म्हणजे २८ दिवस, म्हणजे तोवर बहुतेक मुलांचा सर्दीचा खोकला गेलेला असतो. धाप लागली, ओठ निळसर झाले, खाताना ठसका लागून खोकला सुरू झाला किंवा वजन घटू लागलं, तर मात्र ही रेघ बघत थांबायचं नाही, पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.