‘रोलबॅक’च्या भरवशावर बदल तपासणे: पार्श्वभूमी

आधी ‘बिगिन’ने ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा एकत्रच रद्द होणारे बदलांचे गाठोडे) सुरू, मग बदल, मग ‘सिलेक्ट’ने डेटा वाचून खातरजमा आणि पटले नाही तर ‘रोलबॅक’ने सगळे रद्द. ही पद्धत पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांच्या अंगवळणी पडली आहे. ट्रान्झॅक्शनची कल्पना १९७०च्या दशकातली, तिच्या हमींना मिळालेले ‘ॲसिड’ हे नाव १९८३चे. पण तेव्हा सगळा भर डेटावर होता. टेबलची रचना बदलली, तर तीही मागे घेता यावी का?

डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेच्या १९९२च्या प्रमाणाने, म्हणजे एसक्यूएल-९२ने, हा प्रश्न सोडवलाच नाही. रचनेच्या आणि डेटाच्या कमांड एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालाव्यात की नाही, हे त्याने ज्या-त्या डेटाबेसवर सोपवले. त्या प्रमाणातली ही सर्वांत महागात पडलेली मोकळीक. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये ‘ऑल्टर टेबल’ ही रचना बदलणारी कमांड दिली की आधीचे सगळे परस्पर कमिट (कायमचे पक्के) होते. समजा, ‘अपडेट’ने ५०० ओळी बदलल्या, मग एक कॉलम जोडला आणि रोलबॅक दिला. एरर येत नाही, पण ५०० ओळी बदललेल्याच राहतात. एरर आली असती तर निदान कळले तरी असते. मायएसक्यूएल ८.० (२०१८) मध्ये ‘अ‍ॅटॉमिक डीडीएल’ (डीडीएल म्हणजे रचना बदलणाऱ्या कमांड) आले, त्याने गोंधळ वाढला. त्याची हमी एवढीच की ती एक कमांड अर्धवट राहणार नाही. परस्पर कमिट होणे तसेच आहे.

पोस्टग्रेसमध्ये टेबलांची माहितीही साध्या टेबलांसारखीच ठेवलेली असते, म्हणून ‘ऑल्टर’सुद्धा मागे घेता येते. एका चुकीने अख्खे ट्रान्झॅक्शन बाद होण्यावर ८.० (२००५) मध्ये सेव्हपॉइंटचा (ट्रान्झॅक्शनमधल्या, परत फिरता येणाऱ्या खुणेचा) उतारा मिळाला. तरी सगळे मागे फिरत नाही: सीक्वेन्सचे (ओळींना क्रमांक देणाऱ्या मोजणीचे) वापरलेले आकडे परत येत नाहीत, आणि ‘क्रिएट इंडेक्स कन्करंटली’ (टेबलमधले लिखाण न थांबवता इंडेक्स बनवणारी कमांड) ट्रान्झॅक्शनमध्ये चालतच नाही.

खरा धोका लॉकचा, म्हणजे टेबल इतरांसाठी अडवून ठेवण्याचा. ‘ऑल्टर’ने घेतलेले लॉक रोलबॅकपर्यंत सुटत नाही. ते मिळण्याची वाट पाहत असतानाही मागून आलेल्या साध्या ‘सिलेक्ट’ची रांग लागते. म्हणून ९.३ (२०१३) पासून उपलब्ध असलेला लॉक टाइमआउट (लॉकसाठी थांबण्याची मर्यादा) ‘सेट लोकल’ने २ सेकंदांवर ठेवूनच ‘ऑल्टर’ चालवावे, आणि ट्रान्झॅक्शन उघडे टाकून जागेवरून उठू नये.

शिवाय ‘डिफर्ड’ (तपासणी पुढे ढकललेल्या) फॉरेन की, म्हणजे एका टेबलातला संदर्भ दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे या अटी, कमिटच्या वेळीच तपासल्या जातात. रोलबॅकने संपणाऱ्या चाचणीत त्या कधीच तपासल्या जात नाहीत. म्हणून रोलबॅकआधी ‘सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट’ देऊन त्या लगेच तपासाव्या लागतात.