व्हॉट्सॲप कॉलला टेलिफोनचे नियम? वाद तीस वर्षांचा आहे

व्हॉट्सॲपवरून केलेल्या कॉलला टेलिफोनचे नियम लावावेत का, हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा डोकं वर काढतो. कधी देशाची सुरक्षा पुढे केली जाते, कधी ऑनलाइन फसवणूक, कधी 'एकाच सेवेला एकच नियम' हे तत्त्व. मुळाशी मात्र पहिल्यापासून पैसा आहे, आणि तो कळायला पिवळ्या एसटीडी बूथपर्यंत मागं जावं लागतं.

नव्वदच्या दशकात नाशकात सीबीएसवरून शालिमारकडे चालत निघालं तरी वाटेत एसटीडी-आयएसडी-पीसीओच्या कितीतरी पाट्या लागायच्या. काचेचं खोकं, आत कोंदट हवा, डोळ्यांसमोर लाल आकडे पळवणारं मीटर आणि फोन ठेवला की करकर करत बाहेर येणारी बिलाची चिठ्ठी. रात्री दर उतरले की बाहेर रांग. अमेरिकेतल्या मुलाशी बोलायचं तर मिनिटाला पन्नास-साठ रुपयांच्या घरात मोजावे लागत. त्यामुळे ख्यालीखुशाली आधी कागदावर लिहून आणणारेही होते.

ही महागाई धोरणाचाच भाग होती. गल्लीतला कॉल स्वस्त, खेड्यातली लाइन तोट्यात. तो खड्डा एसटीडी-आयएसडीच्या, म्हणजे परगावच्या आणि परदेशी कॉलच्या, पैशातून भरायचा. पुढे २००३ मध्ये याला 'ॲक्सेस डेफिसिट चार्ज' असं रीतसर रूप आलं आणि २००८ पर्यंत तो टिकला. थोडक्यात, सुरगाण्याकडच्या तोट्यातल्या लाइनचा खर्च न्यू जर्सीच्या कॉलवर चढवलेला होता. असा कॉल इंटरनेटवरून जवळपास फुकटात होऊ लागला तर सगळा हिशेबच कोलमडणार, हे दूरसंचार खात्याला बरोबर कळलं होतं.

हातात कायदाही होता. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तार यंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क सरकारकडे ठेवला होता, आणि टेलिफोनही त्यातच मोडत होता. इतरांना त्यासाठी परवाना लागे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी परदेशी कॉल हाताळणाऱ्या व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच वर्षी 'व्होकलटेक' या इस्रायली कंपनीचं संगणकावरून बोलायचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. लगेच १९९६ मध्ये अमेरिकेतल्या छोट्या दूरध्वनी कंपन्यांच्या संघटनेने असली सॉफ्टवेअर थांबवा म्हणून तिथल्या नियामकाकडे अर्ज केला. तिथे बंदी आली नाही. आपल्याकडे आली: १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात इंटरनेट टेलिफोनीला, म्हणजे इंटरनेटवरून बोलण्याच्या सेवेला, तूर्त परवानगी नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं.

१ एप्रिल २००२ ला व्हीएसएनएलची परदेशी कॉलवरची मक्तेदारी संपली आणि त्याच दिवशी इंटरनेट टेलिफोनी अर्धवट खुली झाली. अर्धवट म्हणजे किती, ते बघण्यासारखं आहे. कॉलेज रोडवरच्या नेट कॅफेत हेडफोन लावून मुलाच्या अमेरिकेतल्या फोनवर कॉल केला तर चालेल. संगणकावरून संगणकावर, देशात किंवा परदेशात, तेही चालेल. पण त्याच खुर्चीत बसून सिन्नरच्या आजीच्या लँडलाइनवर कॉल लावण्याची सेवा बेकायदा. भारतातल्या टेलिफोन नंबरला इंटरनेट जोडायचं नाही, ही रेषा तेव्हा ओढली गेली. पुढचे सगळे वाद याच रेषेवरचे आहेत. ट्राय या दूरसंचार नियामकाने २००८ मध्ये ही रेषा पुसायची शिफारस केली; सरकारने ती मानली नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळे डेटा दर लावायचं जाहीर केलं, ओरड झाली आणि काही दिवसांत माघार घेतली. मार्च २०१५ मध्ये ट्रायने अशा ॲपच्या नियमनावर चर्चापत्र काढलं, त्यावर दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. त्या वर्षी दूरसंचार विभागाच्या समितीने दिलेला सल्ला गमतीचा होता: परदेशी इंटरनेट कॉलबाबत हात सैल सोडा, देशांतर्गत कॉलला मात्र टेलिफोनसारखे नियम लावा. पिवळ्या बूथच्या काळात परदेशी कॉल जपायचा होता; आता तो हातचा गेला होता आणि कमाई देशातल्या कॉलवर उरली होती.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि ही कमाईही वितळली. एका कंपनीने दुसरीला द्यायचा इंटरकनेक्ट आकार मिनिटाला १४ पैशांवरून २०१७ मध्ये ६ पैशांवर आला, १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला. शिवाय जिओचा साधा कॉलसुद्धा, म्हणजे ४जीवरचा व्हीओएलटीई, आयपी या इंटरनेटच्याच तंत्रावरून धावतो. तंत्र एकच, म्हणजे फरक उरला तो फक्त नंबरचा.

जून २०१८ मध्ये परवान्यात बदल होऊन परवानाधारक कंपन्यांना ॲपवरून थेट टेलिफोन नंबरवर कॉल द्यायची मुभा मिळाली. बीएसएनएलने अशी 'विंग्स' ही सेवा आणली. पण तोवर आजीच्या हातात स्मार्टफोन आला होता.

सप्टेंबर २०२० मध्ये ट्रायने, ॲपसाठी सर्वंकष नियमन करायची ही वेळ नव्हे, असं सांगून विषय बाजूला ठेवला. २०२२ च्या दूरसंचार विधेयकाच्या मसुद्यात ॲप सरळसरळ दूरसंचार सेवांत घातली होती. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तो उल्लेख गेला, पण व्याख्या इतकी ऐसपैस ठेवली की उद्या कुणी ॲप त्यात बसवू म्हटलं तर बसतील. ती या कायद्यात येत नाहीत, असं तत्कालीन दूरसंचार मंत्र्यांनी सांगितलं, तेवढाच दिलासा.

नियमनाच्या बाजूचा त्यातल्या त्यात वजनदार मुद्दा आपत्कालीन कॉलचा. अमेरिकेत 'व्होनेज'सारख्या इंटरनेट फोन सेवेने घरातला लँडलाइनच काढून टाकला, म्हणून २००५ मध्ये नंबरला जोडलेल्या इंटरनेट टेलिफोनला ९११ या आपत्कालीन नंबरची सोय सक्तीची झाली. ते पटतं. आपल्याकडे व्हॉट्सॲपवरून ११२ हा आपत्कालीन नंबर लागत नाही हे खरं, पण सिंहस्थाच्या गर्दीत रामकुंडावर कुणी चेंगरलं तर ज्या फोनमध्ये व्हॉट्सॲप असतं त्यातच सिमकार्डही असतं आणि ११२ त्यावरून लागतो. जिथे इंटरनेट कॉल टेलिफोन नंबरला भिडतो तिथे टेलिफोनचे नियम, बाकी ठिकाणी नाहीत, हा २००५ चा अमेरिकी निकष मला इथेही पुरेसा वाटतो.

सरकार मात्र आता उलट बाजूने आलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲपना आदेश दिला: नोंदणी ज्या सिमवर झाली ते फोनमध्ये असेल तरच ॲप चालावं, आणि संगणकावरचं सत्र दर सहा तासांनी बंद पडावं. कारण दिलं ते सायबर फसवणुकीचं. परवाना नाही, शुल्क नाही, पण ॲपची दोरी टेलिफोन नंबरला बांधली जाते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये हंगामात संगणकावर व्हॉट्सॲप दिवसभर उघडं असतं, कंटेनरचे फोटो आणि परदेशी खरेदीदाराचे निरोप त्यावरच येतात. ते सत्र दिवसातून दोन-तीनदा बंद पडलं की ज्याच्या सिमवर खातं आहे त्या मालकाला बागेतून बोलवावं लागणार.