लाँगवुडची 112 बाळं

नोव्हेंबर 1904. इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड या लोकरगिरण्यांच्या शहराचे नवे महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी लाँगवुड नावाच्या वस्तीतल्या बायांना शब्द दिला: आता जन्मणारं बाळ वर्षाचं झालं, की एक पौंड तुमचा. मजुराच्या घरात ही रक्कम जवळजवळ आठवड्याच्या कमाईएवढी. तसं लेखी कार्डच घरोघरी पोचलं, सोबत बाळाला काय पाजावं याच्या सूचना.

पैशापेक्षा मला त्यामागची अडचण महत्त्वाची वाटते. बाळ जन्मलं हे शहराला कळायचंच उशिरा. कायद्यानं जन्मनोंदीला 42 दिवसांची मुभा होती. म्हणजे आपल्याकडचा सव्वा महिना उलटून गेला, तरी आरोग्य खात्याच्या लेखी ते मूल नाहीच! आणि सर्वांत नाजूक दिवस तर तेच. म्हणून जन्माची खबर आधी देणाऱ्याला, बहुधा सुईणीलाच, एक शिलिंग मिळू लागला. खबर आली की बाई डॉक्टर घरी जायच्या.

घरी जाऊन त्या करायच्या काय? औषध जवळपास नव्हतंच. अंगावरचं दूध चालू ठेवा, एवढ्यावर सगळा भर. उन्हाळ्यातल्या जुलाबांनी तान्ही बाळं पटापट जात. रस्त्यावर घोड्यांची लीद, तिच्यावर वाढणाऱ्या माश्या, त्याच माश्या घरातल्या उघड्या दुधावर. त्यात लांब रबरी नळीची दुधाची बाटली. ती नळी आतून धुताच येत नसे, आणि साचलेल्या दुधात जंतू वाढत. आईचं दूध या वाटेनं जातच नाही, शिवाय त्यातली प्रतिपिंडं बाळाचं आतडं राखतात. उन्हाचा हात किती मोठा, ते 1911 च्या कडक उन्हाळ्यात दिसलं: इंग्लंड-वेल्समध्ये दर हजार जन्मांमागे 1910 साली 105 बाळं दगावली होती, ती 1911 मध्ये 130 झाली, आणि पुढच्याच वर्षी 95.

लाँगवुडच्या 112 बाळांपैकी 107 बाळांनी पहिला वाढदिवस पाहिला. आकडा सुखावणारा आहे, पण लहान आहे. एवढ्याशा वस्तीत एखादा थंड उन्हाळासुद्धा हिशेब बदलू शकतो, आणि त्या काळात बालमृत्यू इतरत्रही घटतच होते. त्यामुळे सगळं श्रेय या भेटींना देता येत नाही.

एक गोष्ट मात्र मला खुपते. तेव्हाचे बरेच अधिकारी बालमृत्यूचं खापर आईच्या अज्ञानावर फोडत. घरात नळ नाही, संडास चार बिऱ्हाडांत एक, दूध गार ठेवायला जागा नाही. त्या बाईनं एकटीनं किती झुंजायचं?

तरी लवकर खबर मिळवण्याची युक्ती टिकली. 1906 मध्ये हडर्सफील्डनं स्वतःपुरता कायदा करून घेतला आणि 48 तासांत जन्म कळवणं सक्तीचं केलं. 1907 च्या देशव्यापी कायद्यानं ही मुदत 36 तासांवर आणली, पण तो लागू करायचा की नाही हे त्या त्या गावावर सोडलं. सगळीकडे सक्ती झाली ती 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात तरुण मुलं हजारोंनी मरत होती तेव्हा.