पालीची पकड आणि इलेक्ट्रॉनांची थरथर : पार्श्वभूमी

पाल अंगावर पडली तर काय होते, याचे ठोकताळे विदर्भातल्या गावोगावी तोंडपाठ आहेत. ती भिंतीवरून पडत का नाही, याचा उलगडा मात्र बराचसा गेल्या पंचवीसेक वर्षांतला.

पायाला चोषक असतात ही समजूत जुनी. निर्वातातही पकड सुटत नाही हे दिसल्यावर ती मागे पडली. खरा आधार १९३० साली मिळाला, तोही पालीशी काडीचा संबंध नसलेल्या गणितातून. विद्युतभार नसलेल्या रेणूतही इलेक्ट्रॉनांचा ढग क्षणोक्षणी इकडेतिकडे सरकतो, शेजारचा रेणू त्याला साथ देतो आणि दोघांत ओढ निर्माण होते. ही थरथर निरपेक्ष शून्य तापमानालाही थांबत नाही. बळ रासायनिक बंधापेक्षा फार दुबळे, आणि अंतर वाढताच झपाट्याने ओसरणारे.

२००० मध्ये पालीच्या पायाच्या एका केसाची पकड मोजली गेली : सुमारे २०० मायक्रोन्यूटन. एका पायाखाली असे ५ लाखांच्या आसपास केस, आणि प्रत्येकाला नॅनोमीटरांत मोजावी लागणारी शेकडो टोके. (ही पाल आपल्या घरातली नव्हे, ‘टोके’ (tokay) नावाची मोठी पाल, बातम्यांतून हे हमखास गळते.) २००२ मध्ये पाणी धरणाऱ्या आणि पाणी झटकणाऱ्या, दोन्ही पृष्ठभागांवर पकड सारखीच निघाली. श्रेय व्हॅन डर वाल्स बलाला, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या थरथरीतून येणाऱ्या याच ओढीला गेले.

वाद पेटला २००५ मध्ये. हवेतली आर्द्रता वाढली की एकेका टोकाची पकडही वाढते, असे मोजमाप आले. मोजमापात खोट नव्हती. त्यावरून पाण्याचा पातळ थरच पालीला चिकटवतो असे म्हणणे मात्र घाईचे होते. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, हवा पार कोरडी होते, तरी पाली छताला उलट्या फिरतातच. हा काही प्रयोग नव्हे, पण केवळ पाण्यावर भिस्त ठेवणाऱ्याने याचे उत्तर द्यायला हवे. २०१० च्या सुमारास दुसरा खुलासा पुढे आला : दमट हवेत केसाचे केराटिन (नखे-केसांत असणारे प्रथिन) मऊ पडते, टोके अधिक जवळ टेकतात आणि थरथरीतून आलेली ओढच वाढते. मला हाच पटतो. २०१२ मध्ये तर पाय चिंब भिजले की काचेवरची पकड ढासळते, असेही दिसले.

२०१४ पासून तिसरा पक्ष आहे. काही प्लास्टिकवर पाय टेकताच निर्माण होणारा विद्युतभारच पकड ठरवतो, असे तो म्हणतो. माती-शेणाने सारवलेल्या भिंतीला तो निष्कर्ष तसाच लावता येत नाही.