फ्लोराइडचं भूत पेस्टमध्ये शोधू नका

'फ्लोराइड विष आहे, यवतमाळची पोरं बघा' असं म्हणत घरोघरी टूथपेस्ट बदलणं चालू आहे. आमच्या वहिनींनीही गेल्या महिन्यात लवंग-कडुनिंबवाली, 'फ्लोराइडमुक्त' छापलेली ट्यूब आणली.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत दात पिवळे-तपकिरी पडतात, हे खरंच आहे. पण ते बोअरच्या पाण्यामुळे. तिथल्या खडकांतलं फ्लोराइड पाण्यात उतरतं आणि माणसं ते वर्षानुवर्षं पितात. लिटरमागे ३ मिलिग्रॅम असलेलं पाणी दोन लिटर प्यायलं की पोटात गेले ६ मिलिग्रॅम. आता पेस्ट. भारतात तिच्यात जास्तीत जास्त १००० पीपीएम फ्लोराइड चालतं, म्हणजे ग्रॅमला १ मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम, म्हणजे फ्लोराइड पाव मिलिग्रॅम. तीही आपण थुंकतो.

पेस्टमधलं फ्लोराइड काम करतं ते दातावर, पोटात नाही. गोड खाल्ल्यावर जंतूंच्या आम्लाने दाताच्या वरच्या थरातलं कॅल्शियम झिजतं, ते परत बसायला फ्लोराइड मदत करतं. लवंगेने तोंडाला वास छान येतो, पण हे काम ती करत नाही.

काळजी घ्यायची ती लहान मुलांची, कारण ती पेस्ट गिळतात. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात, ती विक्रीसाठी!

आणि बोअरचं पाणी पीत असाल तर ते तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं.