६४ हातांचं नाटकघर आणि ८ मीटरचं अंगण

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका टू बीएचकेच्या इंटिरियरचं काम गेल्या पावसाळ्याआधी हातावेगळं केलं. स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं हे माझं दुसरंच काम. क्लायंटची मागणी एका वाक्याची होती, ‘आत आलं की छान वाटलं पाहिजे.’ मी हॉलच्या कोपऱ्यात खिडकीशी बैठक काढली, वर कोव्हमधून, म्हणजे सिलिंगच्या कडेच्या खाचेत लपवलेल्या दिव्यांतून, ३००० केल्व्हिनचा पिवळसर उजेड सोडला, मागच्या भिंतीला चुन्याचा खडबडीत पोत दिला. फोटो झकास आले. दोन महिन्यांनी एक बिजागरी बदलायची म्हणून मिस्त्रींना घेऊन गेले, तर घरातल्या आजी मुख्य दाराशी चपलांच्या कपाटावर बसलेल्या. लाकडी दार सताड उघडं, जाळीचं तेवढं लोटलेलं.

‘आजी, इथे का बसलात?’

‘अगं, इथे वारा लागतो. आणि लिफ्टमधून कोण उतरलं ते कळतं.’

कपाट १८ इंच उंच, चार फूट लांब. मी ते चपला लपवायला केलं होतं. मिस्त्री हसत म्हणाले, ‘ताई, ही तर ओटीच झाली की!’ कोपऱ्यातल्या बैठकीवर इस्त्रीचे कपडे होते.

तेव्हापासून एक खूळ डोक्यात बसलं. जागेमुळे माणसाला काहीतरी वाटतं, हे ज्यांनी मनावर घेतलं त्यांनी प्रत्यक्षात काय आखलं आणि ते किती फुटांचं आखलं, हे धुंडाळायचं. पुढचं सगळं त्या धुंडाळण्यातून हाती लागलेलं.

कॉलेजात हा विषय आमच्यापर्यंत युरोपातून आला. व्हिट्रुव्हियस या प्राचीन रोमन वास्तुरचनाकाराचे मजबुती, उपयोग आणि सौंदर्य हे तीन शब्द पहिल्याच सेमिस्टरला पाठ झाले. पण रस ही कल्पना जिथे घडली तिथल्याच माणसांनी रसनिर्मितीच्या दालनाची मापंही लिहून ठेवलीत, हे मला डिग्री हातात पडल्यावर कळलं. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यमंडपावर आहे. आकार तीन: लांबट, चौरस, तिकोनी. मापं तीन: १०८, ६४ आणि ३२ हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण दीड फूट. माणसांसाठी मधलं माप घ्यावं, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, म्हणजे ९६ फूट बाय ४८ फूट. कारण असं दिलंय की मंडप याहून मोठा केला तर नटाचा आवाज फाटतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचा भाव मागच्या प्रेक्षकाला दिसेनासा होतो.

हे वाचून मी थक्क झाले. भावनेची गोष्ट चालली आहे आणि माणूस लांबी-रुंदी सांगतोय! या ९६ फुटांतला अर्धा भाग प्रेक्षकांचा, म्हणजे प्रेक्षागृह पुढून मागेपर्यंत ४८ फूट. आजही नाट्यगृह आखताना चेहऱ्यावरचे बारीक भाव साधारण २० मीटरपर्यंतच वाचता येतात असं धरतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा मंडप त्या मर्यादेत आरामात बसतो. पुढे भरत सांगतो की मंडप डोंगरातल्या गुहेसारखा असावा, खिडक्या लहान असाव्यात, आत वारा खेळू नये, म्हणजे आवाज घुमून गंभीर होईल. बसायच्या जागा विटा-लाकडाच्या, पायऱ्यांसारख्या, जमिनीपासून एक हात उंच. एक हात म्हणजे १८ इंच. माझ्या चपलांच्या कपाटाची उंची नेमकी तीच निघाली, आणि हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले.

ठाण्यातल्या माणसाला हा अध्याय समजायला फार लांब जावं लागत नाही. मासुंदा तलावाच्या काठी गडकरी रंगायतन १९७८ साली उघडलं. लहानपणी बालनाट्याला जायचो तेव्हा तिसऱ्या घंटेनंतर दिवे मालवले की पोटात गोळा यायचा. आत गुहेसारखा काळोख, आणि मध्यंतरात बाहेर पाऊल टाकलं की एकदम तलाव, वारा, घोडागाडीच्या घुंगरांचा आवाज. नाटकाइतकीच ती अदलाबदल लक्षात राहिली. वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटकं तीच लागतात, पण बाहेर पडल्यावर समोर तलाव नाही, त्यामुळे माझ्यासारखीला तिथला मध्यंतर चहापुरताच.

देवळांकडे वळलं तर ठाणे जिल्ह्यातच अंबरनाथ आहे. वालधुनीच्या काठचं हे शिवमंदिर शिलाहार राजांच्या काळातलं, शिलालेखात शके ९८२ म्हणजे १०६० साल आहे. बहुतेक देवळांत आपण चढून देवापाशी जातो. इथे मंडपातून गाभाऱ्यात उतरावं लागतं, वीसेक पायऱ्या. नक्षीने गच्च भरलेल्या मंडपातून निघून एकेक पायरी खाली जाताना भिंती कोऱ्या होत जातात, दगड गार लागतो, आवाज आपोआप खाली येतो. तळाशी पोचून वर पाहावं तर शिखर पुरं झालेलंच नाही, थेट आभाळ. पावसाळ्यात तिथे उभं राहिलेल्या माणसाला ‘गंभीर वातावरणनिर्मिती’ समजावून सांगावी लागत नाही. मी गेले तेव्हा टेप काढायची हिंमत झाली नाही, पायऱ्या तेवढ्या मोजल्या.

आता घर. ठाणं म्हणजे उत्तर कोकण. जुन्या कोकणी घरात अंगणातून ओटी किंवा पडवी, तिथून माजघर, मग देवघर-स्वयंपाकघर असा आत जायचा क्रम. प्रत्येक उंबऱ्याला उजेड एक पट कमी होतो आणि परकेपणही. पोस्टमन ओटीवर, व्याही माजघरात, बाळंतीण आणखी आत. कोणी कुठवर यायचं हे कुणाला तोंडाने सांगावं लागत नसे, उंबरे सांगत. बुटक्या चौकटीमुळे वाकून आत जावं लागे, आणि वाकलेला माणूस मोठ्या आवाजात बोलत नाही. याचा कर्ता-करविता कोण, हे नाव घेऊन सांगता येत नाही. गवंडी, सुतार आणि घरातल्या बायका मिळून ठरत गेलेली ही मापं. नौपाड्यातल्या जुन्या चाळींत ओटीचं काम गॅलरीने केलं. पुनर्विकासात गॅलरीची लॉबी झाली, लॉबीत ट्यूबलाइट आणि फायर डक्ट आले, आणि आजी चपलांच्या कपाटावर आल्या.

(वास्तुशास्त्राचं काय, असं क्लायंट विचारतातच. जुन्या वास्तुग्रंथांत प्रमाणांचं गणित पानोपानी आहे. आमच्यापर्यंत त्यातलं पोचतं ते एवढंच की देव ईशान्येला आणि संडास तिथे नको.)

युरोपात ‘जागा आणि संवेदना’ यावर उघडपणे लिहायला अठराव्या शतकात सुरुवात झाली. ल कामू द मेझिएर या फ्रेंच वास्तुरचनाकाराने १७८० साली घरातल्या एकेका दालनाने कोणता भाव उठवावा यावर ग्रंथच लिहिला. पुढच्या शतकात जर्मनांनी त्याला मानसशास्त्राची बैठक दिली. रोबेर्ट फिशरने १८७३ साली वस्तूत आपण स्वतःला ओततो ही कल्पना मांडली. हाइनरिख व्योल्फलिनने १८८६ च्या प्रबंधात विचारलं की इमारतीला भाव असूच कसा शकतो. त्याचं उत्तर असं: आपल्याला शरीर आहे म्हणून. ओझं उचलून आपली पाठ भरून येते, म्हणून खांबावरचा भार आपल्याला कळतो. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चाललेली बाई पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

मग आधुनिकता आली आणि भावना हा शब्द जरा मागे पडला, असं सरसकट सांगितलं जातं. ते पुरतं खरं नाही. यंत्राचे गोडवे गाणारा, आधुनिक वास्तुकलेचा अध्वर्यू ल कॉर्बुझियेसुद्धा १९२३ साली लिहीत होता की कच्च्या मालातून मनाला हलवणारे संबंध जुळवणं म्हणजेच वास्तुकला. तरी उघड बंड झालं ते मेक्सिकोत. शिल्पकार माथियास गोरित्झने १९५३ साली ‘भावनिक वास्तुकले’चा जाहीरनामा काढला आणि त्याच वर्षी मेक्सिको सिटीत एल एको नावाचं संग्रहालय उभं केलं. त्यात शिरताच लागणारी बोळवजा वाट पुढे पुढे निमुळती होत जाते, त्यामुळे ती असते त्याहून लांब भासते. त्याचा वास्तुरचनाकार मित्र लुईस बारागान १९८० साली वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार घेताना म्हणाला होता की वास्तुकलेच्या प्रकाशनांतून सौंदर्य, शांतता, जवळीक, विस्मय हे शब्दच नाहीसे झालेत. आता ते सगळे शब्द परत आलेत, बिल्डरच्या होर्डिंगवर.

पुरावा मागणाऱ्यांसाठी एक आकडा आहे. संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. शिवाय झाडंवाल्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. घोडबंदरच्या बिल्डरांना हा अभ्यास माहीत असो-नसो, ‘येऊर व्ह्यू’चे, म्हणजे खिडकीतून येऊरचा डोंगर दिसण्याचे, जादा पैसे ते बरोबर लावतात.

आणि मग खाडीपलीकडे, नवी मुंबईत, हा सगळा इतिहास एका अंगणात येऊन उतरतो.

१९६५ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, आणि अभियंता शिरीष पटेल यांनी मुंबईच्या पूर्वेला, खाडीच्या पलीकडे नवं शहर वसवावं अशी योजना मांडली. १९७० साली हे शहर उभारायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, कोरिया सुरुवातीची काही वर्षं तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते. ९५ गावांच्या शेतजमिनीवर हे शहर बसलं. नव्या शहराच्या अंगणांविषयी लिहिताना मळणीची जुनी खळी कुठे गेली हेही आठवायला हवं, म्हणून ही नोंद. बेलापूरला पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी कोरियांनी १९८३ ते ८६ दरम्यान जी वसाहत केली तिला सगळे आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. तिचा नकाशा म्हणजे अंगणांचा पाढा आहे. सात घरांमध्ये एक अंगण, साधारण ८ मीटर बाय ८ मीटर. असे तीन गट मिळून २१ घरं, त्यांच्यामध्ये १२ बाय १२ ची मोकळी जागा. असे तीन मोठे गट गुंफले की २० बाय २० चं मैदान. सगळ्यात मोठी मोकळी जागा ओढ्याकाठी. घरं बुटकी, उतरत्या छपरांची. कुणाचीही भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे पैसे हातात आले की ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं.

आकडे पाठ होते म्हणून मागच्या रविवारी टेप घेऊन गेले. बेलापूर स्टेशनवरून रिक्षा केली. खुद्द जागेवर पहिली गोष्ट जाणवली ती नकाशात नव्हती: अंगण बदललेलंच नाही, तरी बदललंय. काही घरं कौलारू राहिलीत, काहींचे मजले चढलेत. ज्या बाजूला अजून कौलं आहेत तिथे उभं राहिलं की अंगण पसरट वाटतं, दुपारचं ऊन थेट जमिनीवर येतं. दोन पावलं सरकून तिमजली घराच्या कडेला गेलं की तेच ८ मीटर विहिरीसारखे होतात, मान वर करूनच आभाळ बघायचं. घर वाढवायची सोय कोरियांनीच ठेवली होती, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची? पण रुंदी तीच ठेवून उंची तिप्पट केली की ‘वाटणं’ पार बदलतं, हे इतकं स्वच्छ मला कुठल्याच स्टुडिओत दिसलं नव्हतं. परत गेल्यावर आठवलं, घोडबंदरच्या हॉलमध्ये कोव्हसाठी मी सिलिंग सहा इंच खाली घेतलं होतं. राहत्या खोलीला किमान २.७५ मीटर उंची असावी असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, आणि तेवढी राखली होती खरी. पण आजी उठून गेल्या त्या त्याच सिलिंगखालून.

माझी टेप पाच मीटरची. एका टोकाला दगड ठेवून मी अर्धं अंगण मोजलं, खूण केली, मग उरलेलं मोजायला दगड उचलला. एका कौलारू घराच्या पायरीवर काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या.

‘सिडकोकडून आलीस का गं? परत मोजणी आहे?’

‘नाही काकू, शिकायला आलेय. अंगण केवढं आहे बघतेय.’

‘केवढं म्हणजे? आमच्या मुलीच्या हळदीचा मांडव इथेच होता. सातही घरं जेवली.’

मी वही काढून विचारलं, मांडव किती बाय किती होता.

‘ते मांडववाल्याला माहीत,’ असं म्हणत त्यांनी ताट बाजूला सारलं आणि टेपचं दुसरं टोक धरायला पायरी उतरून आल्या.