मैत्रीच्या गोष्टींतून शब्दसंपत्ती आणि शुद्धलेखन : पालक व शिक्षकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार. प्राथमिक वर्गांतील मुलांसाठी आम्ही तयार केलेला मैत्रीच्या गोष्टींचा संच आपण घेतलात, याबद्दल मनःपूर्वक आभार. संचात गोष्टींच्या पुस्तिका, शब्दपट्ट्या आणि लेखनवही आहे. हे साहित्य घरात किंवा वर्गात आले म्हणजे मूल आपोआप नवे शब्द शिकेल आणि अचूक लिहू लागेल, असे आश्वासन आम्ही देत नाही. गोष्ट वाचून दाखवणे वेगळे आणि त्या गोष्टीतून शब्द शिकवणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी मोठ्या माणसाला मुलाजवळ थोडा वेळ बसावे लागते. तो वेळ कसा वापरावा, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

मैत्रीच्याच गोष्टी का

मुलांच्या पहिल्या शब्दसंग्रहात बोट दाखवून सांगता येणाऱ्या वस्तूंची नावे बरीच असतात, आणि त्यांसाठी चित्रांचे पुस्तक पुरेसे होते. शाळेत गेल्यावर मात्र ज्यांचे चित्र काढता येत नाही असे शब्द समोर येऊ लागतात : विश्वास, गैरसमज, दुरावा, हेवा, दिलासा, मनधरणी, भरवसा. मोठ्यांनी त्यांची व्याख्या सांगितली, तरी त्या व्याख्येतले शब्द मूळ शब्दाइतकेच अवघड असतात. ‘दिलासा म्हणजे सांत्वन’ असे सांगून सात वर्षांच्या मुलाच्या हाती काहीच पडत नाही. याउलट, खेळात हरलेल्या मित्राशेजारी कोणीतरी न बोलता जाऊन बसले आणि त्याला बरे वाटले, हा प्रसंग मुलाने स्वतः अनुभवलेला असतो. त्याला फक्त त्याचे नाव ठाऊक नसते. मैत्रीची गोष्ट ते नाव योग्य जागी आणून देते.

दुसरे कारण असे, की रुसणे, अबोला धरणे, चुगली करणे, समजूत काढणे, पुन्हा गट्टी होणे हा मुलांच्या रोजच्या आयुष्याचा भाग आहे. गोष्टीत भेटलेला शब्द मधल्या सुट्टीत लगेच वापरता येतो, आणि वापरलेला शब्द टिकतो. प्रवासाच्या किंवा शोधांच्या गोष्टीही चांगल्या असतात. परंतु त्यांतील शब्द पुन्हा वापरण्याची संधी मुलाला क्वचितच मिळते. आम्ही विषय निवडताना हाच निकष सर्वांत महत्त्वाचा मानला.

केवळ वाचन पुरेसे का नाही

वाचताना आलेला अनोळखी शब्द मूल संदर्भावरून शिकते, हे खरे आहे. पण आपण समजतो त्यापेक्षा हे फार कमी वेळा घडते. स्वॅनबॉर्न आणि डी ग्लॉपर या डच अभ्यासकांनी या विषयावरील 20 प्रयोगांचा एकत्रित आढावा 1999 साली प्रसिद्ध केला. त्यानुसार सहज वाचनात भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी सुमारे 15 टक्के शब्दच विद्यार्थी शिकतात. त्याआधी, 1989 साली, न्यूझीलंडमधील अभ्यासक वॉर्विक एली यांनी लहान विद्यार्थ्यांना गोष्टी वाचून दाखवून त्यांची शब्दांची जाण तपासली होती. वाचता वाचता शिक्षकांनी शब्दाचा अर्थ थोडक्यात सांगितला, तर शिकलेल्या शब्दांचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढते, असे त्यांना आढळले. अर्थ सांगण्यासाठी गोष्ट थांबवून पाठ घेण्याची गरज नाही. वाक्य पूर्ण करावे, शब्दाच्या जागी सोपा शब्द ठेवून तेच वाक्य एकदा म्हणावे आणि पुढे जावे, एवढे पुरते.

एका गोष्टीतून पाच ते सातच शब्द निवडावेत, असा आमचा आग्रह आहे. पुस्तिकेत याहून अधिक नवे शब्द दिसतील. ते ऐकले तरी चालेल, त्यांच्यावर सराव घेऊ नये. निवड करताना एक प्रश्न स्वतःला विचारावा : हा शब्द मुलाला पुढच्या दुसऱ्या गोष्टीत, दुसऱ्या विषयात, दुसऱ्या माणसाशी बोलताना उपयोगी पडेल का? ‘सुगरण’ या पक्ष्याचे नाव आकर्षक आहे, पण ‘संकोच’ हा शब्द मुलाला आयुष्यभर लागणार आहे. निवडलेले शब्द पहिल्या वाचनात ऐकू द्यावेत, दुसऱ्या वाचनात उलगडावेत आणि तिसऱ्या वाचनात मुलाला त्या जागी स्वतः म्हणू द्यावेत. तीच गोष्ट पुन्हा वाचल्याने मुले कंटाळतील, ही भीती बहुतेक वेळा मोठ्यांची असते; मुले ओळखीची गोष्ट पुन्हा मागतात.

शुद्धलेखन गोष्टीच्या पोटातून

आज आपण ज्या नियमांनी मराठी लिहितो, त्यांतील पहिले 14 नियम मराठी साहित्य महामंडळाच्या शिफारशीनुसार 1962 साली शासनमान्य झाले आणि 1972 साली त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. हे 18 नियम मोठ्यांनी एकदा नीट वाचून ठेवावेत. प्राथमिक वर्गातील मुलाला ते पाठ करायला लावू नयेत. ‘अकारान्त शब्दातील उपान्त्य (शेवटच्या अक्षराच्या आधीचा) इकार दीर्घ’ हे वाक्य न अडखळता म्हणणारे मूल ‘बहीण’ऐवजी ‘बहिण’ असे लिहिते, कारण नियमाचे वाक्य आणि हातातली पेन्सिल यांची गाठ कोणी घालून दिलेली नसते. नियम आधी डोळ्यांना दिसावा, मग त्याला शब्द मिळावेत.

मैत्रीच्या गोष्टींत हे सहज साधते, कारण गोष्टीच्या जवळजवळ प्रत्येक पानावर येणारे शब्दच महत्त्वाचे नियम दाखवतात. ‘मैत्री’ या शब्दाच्या शेवटी दीर्घ वेलांटी आहे, तशीच ती पाटी, कवी आणि चिठ्ठी यांच्याही शेवटी आहे. ‘मैत्रीण’मध्ये शेवटच्या अक्षराच्या आधीची वेलांटी दीर्घ आहे, जशी बहीण, जमीन, खीर या शब्दांत असते. ‘मैत्रिणीला’ लिहिताना मात्र तीच वेलांटी ऱ्हस्व होते. बहिणीला, जमिनीवर, मुलाला, फुलांचा या रूपांतही हाच बदल दिसतो. ‘मैत्रीण’ आणि ‘मैत्रिणीला’ ही दोन रूपे फळ्यावर एकाखाली एक लिहून काय बदलले ते मुलांना शोधू द्यावे. बदल त्यांनी स्वतः शोधला, की पुढच्या पानावरील ‘फूल’ आणि ‘फुलाला’ ती विचारण्याआधीच दाखवतात. ‘दूर’पासून ‘दुरावा’ कसा झाला, हेही याच वेळी सांगता येते. ‘मित्र’, ‘विश्वास’, ‘पुस्तक’ आणि ‘चिठ्ठी’ यांत जोडाक्षराच्या आधीचा इकार किंवा उकार ऱ्हस्व आहे. तोही असाच रांगेत मांडून दाखवावा. सुख, गुण, मधुर, मंदिर असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ‘मूल’ आणि ‘खीर’ यांच्या चालीने चालत नाहीत. त्यांच्यासाठी लेखनवहीत वेगळे पान ठेवले आहे, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत ते उघडू नये.

संचातील एका गोष्टीचा उल्लेख येथे मुद्दाम करतो, कारण अचूक लिहिण्याची गरज मुलाला त्या गोष्टीतून स्वतःला पटते. खार चिमणीला चिठ्ठी पाठवते : ‘उद्या वडाखाली ये. तुझ्या मैत्रिणीला घेऊन ये.’ चिमणीच्या तीन मैत्रिणी आहेत, मैना, कोकिळा आणि सुगरण. चिठ्ठीत एकीलाच बोलावले आहे असे समजून ती मैनेला घेऊन जाते. मागे राहिलेल्या दोघींचे मन दुखावते, त्या अबोला धरतात, आणि खारीला वाटते की त्यांनाच आपल्याकडे यायचे नव्हते. शेवटी चिठ्ठी सगळ्यांसमोर पुन्हा वाचली जाते, तेव्हा उलगडा होतो : खारीला ‘मैत्रिणींना’ लिहायचे होते. अनेकवचनाचा अनुस्वार आणि त्याबरोबरचा प्रत्यय चुकल्यामुळे दोघी घरी राहिल्या होत्या.

ही गोष्ट वाचून झाल्यावर ‘मित्राशी’ आणि ‘मित्रांशी’, ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’ अशा जोड्या द्याव्यात आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा : आता किती जण आले? येथे फरक फक्त एका टिंबाचा असतो, आणि ते टिंब काय काम करते हे मुलाला माहीत झालेले असते. एखादे चौकस मूल ‘आजी तर एकच आहे, मग आजींना का लिहितात?’ असे विचारील. हा प्रश्न आला तर आनंदाने थांबावे आणि आदर दाखवण्यासाठीही आपण अनेकवचन वापरतो, हे सांगावे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, अशा जोड्याही उपयोगी आहेत, पण त्या चौथीच्या सुमारास द्याव्यात.

सराव कसा घ्यावा

चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावण्याची पद्धत सोडून द्यावी, अशी आमची विनंती आहे. दुसऱ्या ओळीपासून मूल वरची ओळ पाहून उतरवते. हात चालतो, स्मरणाला काम राहत नाही, आणि पहिली ओळ चुकली असेल तर तीच चूक दहा वेळा घोटली जाते. त्याऐवजी शब्दपट्टी नीट पाहावी, शब्द मोठ्याने म्हणावा, पट्टी झाकावी, आठवून लिहावा आणि मग पट्टी उघडून मुलाने स्वतः पडताळावा. चूक आढळली तर पूर्ण शब्दावर काट मारू नये, फक्त चुकलेल्या अक्षराखाली रेघ ओढावी. ‘विश्वास’मधील जोडाक्षर बरोबर आणि वेलांटी चूक असेल, तर शब्दाचा मोठा भाग मुलाला येतो, हे त्यालाही कळले पाहिजे.

शिकलेले काळाबरोबर कसे विसरले जाते, याचा पद्धतशीर अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली प्रसिद्ध केला. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि उजळणी एकाच बैठकीत न उरकता काही दिवसांवर विभागली तर स्मरण अधिक टिकते, असे त्यांनी दाखवले. म्हणून एका दिवशी तासभर बसण्यापेक्षा दहा मिनिटांच्या छोट्या बैठका घ्याव्यात : दुसऱ्या दिवशी एकदा, तीन-चार दिवसांनी एकदा आणि पंधरवड्याने पुन्हा एकदा. पंधरवड्याची बैठक सर्वांत जास्त वेळा टाळली जाते, आणि तीच सर्वांत मोलाची आहे. श्रुतलेखन घ्यायचे असेल तर सुटे शब्द सांगू नयेत. गोष्टीतील दोन-तीन वाक्ये सांगावीत, म्हणजे प्रत्यय लागलेली रूपेही लिहिली जातील.

पहिली-दुसरीच्या मुलांकडून लेखनाची अपेक्षा थोडीच ठेवावी. त्यांच्यासाठी तोंडी काम अधिक चांगले. तिसरीपासून मुलाने गोष्टीतील एका पात्राला दुसऱ्या पात्राच्या वतीने चिठ्ठी लिहावी आणि तीत निवडलेल्या शब्दांपैकी तीन तरी यावेत, असा सराव आम्हाला फार आवडतो. अशा चिठ्ठीत शब्दाचा अर्थ कळला आहे की नाही, हे चाचणीपेक्षा स्पष्ट दिसते. ‘मी तुझ्यावर गैरसमज केला’ असे लिहिणाऱ्या मुलाला शब्द ओळखीचा झाला आहे, पण तो वाक्यात बसवता येत नाही. ‘माझा तुझ्याबद्दल गैरसमज झाला’ हे वाक्य त्याला म्हणून दाखवावे आणि चिठ्ठी पुन्हा लिहू द्यावी.

घरी ‘पानी’ आणि ‘कोन’ असे म्हणणारी मुले लिहितानाही तसेच लिहितात. त्यांचा उच्चार चुकीचा आहे असे सांगू नये. ती त्यांच्या घराची भाषा आहे. लिहिताना ‘पाणी’ आणि ‘कोण’ असे लिहितात, एवढेच सांगावे आणि हे शब्द शब्दपट्ट्यांत अधिक वेळा फिरवावेत. नियमित सराव करूनही एखाद्या मुलाला अक्षरे ओळखणे, ओळीवर नजर ठेवणे किंवा ऐकलेले ध्वनी क्रमाने लिहिणे दीर्घकाळ जड जात असेल, तर आमचा संच किंवा कोणताही संच त्यावर पुरेसा उपाय नाही. अशा वेळी शाळेशी बोलून तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी आणि तोवर मुलावर लेखनाचा ताण टाकू नये. गोष्टी मात्र वाचून दाखवत राहाव्यात, कारण ऐकून शिकलेले शब्दही त्याच्या बोलण्यात येतात.

कोणती गोष्ट मुलांना भावली नाही आणि कोणते शब्द पंधरवड्यानंतर आठवले नाहीत, याची नोंद लेखनवहीच्या शेवटच्या पानावर करून ते पान आमच्याकडे पाठवावे. पुढील आवृत्तीतील शब्दांची निवड आम्ही या नोंदींवरून करणार आहोत.